चौथी बादली

आमच्या ओट्याखाली चार बादल्या आहेत. पहिली हिरवी, तिच्यावर नवऱ्याच्या टपोऱ्या अक्षरात 'ओला' असं लिहिलंय. दुसरी निळी, 'सुका'. तिसरी चिमुकली लाल, 'घातक'. तिच्यात मेलेले सेल, एक फुटका बल्ब आणि कोणाचं तरी निम्मं उरलेलं खोकल्याचं औषध असतं. इथपर्यंत सगळं कायद्याला धरून केलेलं. २०१६ च्या घनकचरा नियमांत घराने कचऱ्याचे हेच तीन भाग करून द्यावेत असं सांगितलं होतं. चौथी बादली मात्र कुठल्याच नियमात नाही. ती पिवळी आहे आणि तिच्यावर लिहिलंय, 'विचार करू'.

सगळ्यात आधी तीच भरते.

परवा मी ती उपडी करून पाहिली. बटाट्याच्या वेफर्सची पिशवी निघाली, बाहेरून प्लास्टिक आणि आतून चांदी. हिंगाची रिकामी डबी निघाली. ती रिकामी आहे हे सासूबाईंना मान्य नाही, कारण 'अजून वास येतोय'. तीन लग्नपत्रिका निघाल्या. त्यातल्या एका जोडप्याचा घटस्फोटही होऊन गेला, पण पत्रिकेवर गणपती आहे, आणि गणपती ओल्यात टाकायचा की सुक्यात हे सांगायला कोणी धजत नाही. एक करवंटी. एक टूथब्रश, ज्याचा दात घासायचा जन्म संपून बेसिनच्या खाचा घासायचा जन्मही संपलाय. आणि एक चप्पल. एकच. दुसरी कुठे आहे ते कळल्याशिवाय हिला टाकायचं कसं?

घरात आम्ही तिघं. सासूबाई ठेवतात, नवरा टाकतो आणि मी कुजवते. लोक 'हिरवं आणि नीटनेटकं घर' असं एका दमात म्हणतात, जशा काही त्या सख्ख्या बहिणी. त्या सवती आहेत. एक म्हणते, राहू दे, कामाला येईल. दुसरी म्हणते, टाक, उद्या टाकायचं ते आज टाक. एकीचं ऐकलं की घर अडगळीने भरतं, दुसरीचं ऐकलं की फुरसुंगी.

फुरसुंगीचं नाव पुणेकरांना सांगावं लागत नाही. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या दोन गावांच्या उशाशी जाऊन पडत होता. २०१७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. तीन आठवडे आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी ढीग वाढत होता. पदार्थ नाहीसा होत नाही, फक्त रूप बदलतो, हे मी नववीच्या पोरांना वीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. त्याचा वास मात्र मला पहिल्यांदा तेव्हा आला.

त्याच महिन्यात मी एका प्रदर्शनातून खताच्या दोन टोपल्या आणल्या.

विक्रेत्या मुलीने सांगितलं होतं की हे अगदी सोपं असतं, काकू. रोजचा ओला कचरा टाकायचा, वरून मूठभर कोकोपीट, अधूनमधून गूळ-ताकाचं पाणी शिंपडायचं, बाकी सगळं निसर्ग करतो. निसर्गाने केलं ते असं. दहाव्या दिवशी टोपलीतून तपकिरी पाणी सुटलं, गॅलरीच्या पन्हळीतून वाट काढत खाली गेलं आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी कठड्यापाशी साडी पसरून घातलेल्या कुरडयांवर ठिबकलं. दिवस मे महिन्याचे. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घाटून केलेल्या कुरडया. वहिनी वर येऊन भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्या कुरडया एका ताटात रचल्या, वर विणलेला रुमाल घातला आणि नातवाच्या हाती पाठवून दिल्या. निरोप एवढाच, "आजीने सांगितलंय, या तुमच्या आहेत."

चूक माझीच होती. ओल्या सालींमध्ये नत्र जास्त असतो आणि त्याला पेलायला कर्ब लागतो, म्हणजे वाळका पाला. कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण तिसास एक असावं. हे मला पाठ होतं. फक्त आपल्या भेंडीची देठं म्हणजेच तो नत्र, हे लक्षात आलं नव्हतं. मग मी पाला गोळा करायला लागले. सोसायटीच्या बदामाची आणि गुलमोहराची पानं सकाळी झाडून ढीग लावायच्या आत उचलायची असतात, म्हणून सहाला खाली उतरायचं. तिसऱ्या दिवशी वॉचमनने विचारलं, "बाई, काय हरवलंय का?" चौथ्या दिवशी तो माझ्याबरोबर शोधायला लागला. पाला ठेवायला मी जुने उशीचे अभ्रे काढले, आणि सहा फुगीर अभ्रे गॅलरीत ओळीने बसलेले पाहून नवरा म्हणाला, "कचरा घराबाहेर जाताना पाहिलाय. घरात येताना पहिल्यांदाच पाहतोय."

नवऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांनी जन्मभर हिशेब तपासले. त्यामुळे जगात कुठलीही गोष्ट जागेवर नसेल तर ती कोणीतरी लपवलीय, असा त्यांचा पहिला संशय असतो. आमच्या घरात डाळींच्या डब्यांवर नावं आहेत, वायरींवर नावं आहेत, आणि नावांच्या चिठ्ठ्या ज्या डब्यात असतात त्यावर 'नावे' असं लिहिलंय. खत गरम होतं, जिवाणू कामाला लागल्याची ती खूण असते, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा 'किती?' हा त्यांचा प्रश्न होता. हात घालून बघा, म्हटलं. अंदाजपंचे हात घालणं त्यांच्या स्वभावात नाही. ते औषधांच्या डब्यातून थर्मामीटर घेऊन आले.

मी पाहत होते. एका हाताने झाकण धरून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो कोबीच्या पानांत खोचला, आणि रुग्णापाशी बसावं तसे गॅलरीत पाटावर बसून राहिले. मिनिटाने टीट-टीट झालं. पडद्यावर आकडा नव्हता, नुसता 'एच' होता. माणसाला येऊ शकेल त्यापलीकडचा ताप. "अगं," ते हळू आवाजात म्हणाले, "हे तर गेल्यात जमा आहे." त्या दिवसापासून त्यांनी टोपलीत लक्ष घातलं. थर्मामीटर पुन्हा औषधांच्या डब्यात ठेवायला सासूबाईंनी मनाई केली, आतल्या सेलमुळे तो सुक्यात चालत नाही आणि चालू स्थितीत असल्यामुळे नवऱ्याला 'घातक'मध्ये टाकवत नाही. तो चौथ्या बादलीत आहे. बादलीत हात घातला की कधीकधी आपणहून टीट करतो.

पावसाळ्यात अळ्या झाल्या. काळ्या सैनिक माशीच्या त्या अळ्या, खताला फार चांगल्या, चार दिवसांचं काम एका दिवसात उरकतात. मला आनंद झाला. तो लपवून मी सासूबाईंना सौम्य शब्दांत कल्पना दिली, कारण श्रावण होता. त्या काठी टेकत गॅलरीत आल्या, वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. शेकडो अळ्या दुधीच्या सालीत वळवळत होत्या. "खातात का?" त्यांनी विचारलं. म्हटलं, खातात. "मग खाऊ देत. पोट त्यांनाही आहे." दुसऱ्या दिवसापासून जेवणाआधी पानातला एक घास बाजूला निघायला लागला. पूर्वी गाडीवानाच्या गायीला जायचा, तो आता टोपलीत. तेलातुपाचं शिजलेलं अन्न टोपलीत घालायचं नसतं, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि घासावर साजूक तुपाची धार धरली.

सासूबाई त्र्याऐंशीच्या आहेत. जुन्या बायका कशा निसर्गाला धरून राहायच्या, यावर हल्ली भाषणं होतात. मला ते पटत नाही. आमच्या सासूबाईंना निसर्गाशी काही देणंघेणं नाही. त्यांना पैसे देऊन आणलेली वस्तू फुकट सोडवत नाही, एवढंच. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, दोडक्याच्या शिरांची चटणी, शिळ्या पोळीचा कुस्करा, फाटक्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं गॅसखाली घालायचं फडकं. तिथून ते कुठे जातं हे मला माहीत आहे. ओट्याखाली, पिवळ्या बादलीत.

आणि पिशव्या. त्यांची मोठी इस्टेट म्हणजे गादीखालच्या प्लास्टिकच्या पिशव्या. प्रत्येक पिशवी धुऊन, दोरीवर वाळवून, हाताने इस्त्री केल्यासारखी सपाट करून, मग विड्यासारखी त्रिकोणी घडी घालून ठेवलेली. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी प्रत्यक्ष लागू झाली २३ जून २०१८ ला. त्या शनिवारी नवरा वर्तमानपत्र वाचून थेट आईच्या खोलीत गेला. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. त्यांनी गादी उचलली. मोजल्या तेव्हा दोनशे चौदा पिशव्या भरल्या. त्यातल्या काही ज्या दुकानांच्या होत्या ती दुकानं आता राहिली नाहीत. एकीवर पुण्याचे सहा आकडी फोन नंबर होते.

"आई, यावर तीन महिन्यांची कैद आहे."

"नेऊ देत मला," सासूबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांत तुमचं आवरून होईल."

पिशव्या शेवटी गेल्या. गादी दोन इंच खाली बसली आणि आठवडाभर त्यांची पाठ धरली. आजही पाठ दुखली की त्या सरकारचं नाव घेतात.

प्लास्टिक गेलं आणि कापडी पिशव्या आल्या. आल्या म्हणजे कोसळल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पूर्वी वाण म्हणून कुंकवाचे करंडे, गाळण्या, साबणाच्या वड्या असं काही असायचं. बंदीनंतरच्या पहिल्या रथसप्तमीपर्यंत मी अकरा घरी जाऊन नऊ कापडी पिशव्या घेऊन आले. पुढच्या वर्षी बारा. शिवाय पुस्तक प्रकाशनं, मुंजी, डोळे तपासणी शिबिरं. बघता बघता घरात अडतीस कापडी पिशव्या झाल्या. त्या दाराच्या मागच्या खुंटीवर एकीत एक घालून टांगलेल्या असतात. लांबून कोणीतरी दाराआड उभं आहे असं वाटतं. आणि मी मंडईत पोचते तेव्हा माझ्या हातात एकही नसते. "ताई, पिशवी?" भाजीवाली विचारते. मी ओढणी पुढे करते.

या पिशव्यांपायी नवऱ्याला काही रात्री झोप लागली नाही. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने एक हिशेब मांडला होता: कापूस पिकवण्यापासूनचे सगळे परिणाम धरले, तर एक सुती पिशवी साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला ७,१०० वेळा वापरावी लागते. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. हे त्यांना कळलं आणि ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. रोज एक पिशवी बाजारात नेली तरी एका पिशवीला साडेएकोणीस वर्षं. अडतीस पिशव्यांना सातशे एकोणचाळीस. म्हणजे देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करत होता तेव्हा आमच्या कोणा पूर्वजाने भाजी आणायला सुरुवात केली असती आणि मध्ये कोणीही खाडा केला नसता, तर आत्ता कुठे हिशेब चुकता झाला असता. "सेंद्रिय किती आहेत बघ," ते पडेल आवाजात म्हणाले. मी बघितलं नाही. त्याच अहवालात नुसत्या हवामानापुरता हिशेब ५२ वेळांचा आहे, म्हणजे दर आठवड्याला एकदा नेली तर वर्षभराचं काम, हे मी त्यांना दोन दिवसांनी सांगितलं. दोन दिवस घर फार शांत होतं.

या सगळ्यावर अंतिम निकाल देणाऱ्या आमच्या कचरावाल्या ताई. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ पासून आहे, आणि तिच्यातूनच पुढे २००८ मध्ये महापालिकेशी करार करून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघर कचरा घ्यायला लागली. आमच्या ताई त्यातल्या. साडेआठला बेल वाजते. नवरा दुधाची पिशवी घेऊन पुढे होतो. ती कापताना कोपरा तोडून टाकायचा नाही, लोंबता ठेवायचा, नाहीतर तो एवढासा तुकडा कोणाच्याच हाताला लागत नाही आणि गटारात जातो, हे ताईंनीच शिकवलं. नवऱ्याने त्यात भर घातली. ते पिशवी आतून उलटी करून धुतात. एका पिशवीला दोन तांबे पाणी. पाणी ते वाचवलेलंच वापरतात, पिण्याच्या पाण्याचं यंत्र एक तांब्या शुद्ध देताना दोन-तीन तांबे बाहेर सोडतं ते. त्यासाठी स्वयंपाकघरात एक, मोरीत दोन आणि दिवाणखान्यात झाकण लावून टेबल म्हणून एक अशा बादल्या भरलेल्या असतात. पाहुणे चहाचा कप त्यावरच ठेवतात. त्यांना आम्ही सांगत नाही.

मी चौथी बादली ताईंपुढे ठेवते. त्या उकिडव्या बसतात आणि दोन मिनिटांत जो विचार आम्ही आठवडाभर करत होतो तो करून टाकतात. करवंटी वेगळी निघते, "ही द्या, बंबाला होते." टूथब्रश इकडे. पत्रिका त्या कपाळाला लावतात आणि मग कागदात घालतात; इतकं साधं उत्तर आम्हाला सुचलं नव्हतं. वेफर्सच्या पिशवीपाशी दर वेळी थांबतात.

"हे कोणी घेत नाही काकू. भाव नाही याला."

"मग काय करायचं ताई?"

"खाऊ नका."

एकदा मी त्यांच्या हातात कागदात नीट न गुंडाळलेली फुटकी बरणी दिली होती. त्यांनी हात मागे घेतला आणि तळवा माझ्यासमोर धरला, आधीच्या कोणा घरच्या काचेची खूण दाखवायला. बोलल्या काहीच नाहीत. तेव्हापासून काच आमच्याकडे वर्तमानपत्रात, त्यावर दोरा, त्यावर नवऱ्याची चिठ्ठी, 'काच, सावकाश'. नवऱ्याच्या सगळ्या चिठ्ठ्यांत ही एक मला बिनशर्त मान्य आहे.

आता आवराआवरीचं. २०१९ च्या जानेवारीत जपानच्या मारी कोंडो बाईंची मालिका टीव्हीवर आली आणि त्याच महिन्यात नवरा निवृत्त झाला. दोन्ही गोष्टी एकदम व्हायला नको होत्या. बाईंचं म्हणणं असं की प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, आतून आनंद उमटतो का बघायचं, उमटला तर ठेवायची, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. म्हणजे विसर्जनच, फक्त पुढच्या वर्षीचं आमंत्रण नाही. नवऱ्याने घरातले सगळे कपडे पलंगावर ओतले. त्यांच्याकडे पाहून मला एक गोष्ट कळली: जन्मभर ताळेबंद तपासलेल्या माणसाला आनंद मोजता येत नाही. प्रत्येक सदरा हातात धरून ते माझ्याकडे बघायचे. "उमटला का?" मी विचारायचे. "थोडासा," ते म्हणायचे. थोड्याशांचा वेगळा ढीग झाला. तोच सगळ्यात मोठा.

भांड्यांची पाळी आली तेव्हा सासूबाईंना बोलावणं अपरिहार्य होतं. त्यांच्या हातात पोळपाट देऊन नवऱ्याने विचारलं, "आई, आनंद वाटतो का?"

"पोळपाटाने?"

"हो."

"पोळ्या कोण लाटणार आहे त्यावर अवलंबून आहे."

मग वरच्या फळीवरची स्टीलची भांडी निघाली. आमच्या पिढीच्या लग्नांपर्यंत आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव ठोकून घ्यायची रीत होती; भांड्यांच्या दुकानातच टकटक करत ठिपक्याठिपक्यांनी लिहून देणारा माणूस बसायचा. जपानी बाईंच्या पद्धतीत याला उत्तर नाही. पातेलं टाकता येईल. पण 'मामींकडून, १४-५-७१' कसं टाकणार? एका वाटीवर नुसतंच 'सप्रेम' आहे. पुढचं नाव लिहायला जागा पुरलेली नाही. ती कोणी दिली हे इतक्या वर्षांत कळलेलं नाही आणि म्हणूनच सासूबाई ती कोणाला देऊ देत नाहीत. देणारा कधी घरी आला तर?

कपड्यांची चार गाठोडी दारात गेली. रात्रीतून दीड गाठोडं परत आत आलं. कोणी आणलं ते विचारायची सोय नव्हती. उरलेल्या अडीचासाठी नवऱ्याने जुन्या पेठेतून बोहारीण शोधून आणली. तिने एकेक सदरा उजेडात धरून कॉलर पाहिली, नाक मुरडलं, अर्धा तास घासाघीस केली आणि त्या मोबदल्यात एक कढई आणि दोन पातेली दिली. सासूबाई प्रसन्न झाल्या. घर आवरल्यानंतर आमच्याकडे पूर्वीपेक्षा तीन भांडी जास्त आहेत.

२०२३ मध्ये मारी कोंडो बाईंनी स्वतःच सांगून टाकलं की तिसरं मूल झाल्यापासून आपलं घर काही पूर्वीसारखं आवरलेलं नसतं. ही बातमी मी वाचून दाखवली. नवऱ्याने पेपर मागून घेतला, स्वतः वाचला, घडी घातली आणि रद्दीवर ठेवला. जरा तिरपाच. मग परत जाऊन सरळ केला.

मी हसते आहे असं वाटेल, पण माझ्या खात्यावर त्याहून मोठा प्रसंग आहे. फळांच्या सालींपासून फरशी पुसायचं द्रावण करतात. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. झाकण लावून तीन महिने ठेवायचं. पहिल्या महिन्यात आत वायू तयार होतो, म्हणून झाकण रोज सैल करून हवा सोडायची. डिसेंबरात संत्री स्वस्त झाली तशी मी तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा भरला आणि रोज न चुकता फुस्स ऐकू लागले. बाराव्या दिवशी आम्ही नाशिकला लग्नाला गेलो. चार दिवस. कुकर बंद आहे, गॅस बंद आहे, नळ बंद आहेत, सगळं नवऱ्याने यादीवर खूण करून तपासलं. माझा डबा यादीत नव्हता.

परतलो तेव्हा रात्र झाली होती. दार उघडताच आंबट-गोड, थोडासा ताडीच्या दुकानासारखा वास आला. "कोणीतरी येऊन प्यायलंय," सासूबाई म्हणाल्या. जेवणघरात डबा आडवा पडला होता, पोट फुगलेला, झाकण बेपत्ता. वर पाहायचं कोणाला सुचलं नाही. खोली कोंदट झाली होती म्हणून नवऱ्याने पंखा लावला.

पंख्याच्या पात्यांवर संत्र्याच्या साली वाळत बसल्या होत्या. पंखा पाचवर असतो.

देव्हाऱ्यापासून फ्रीजपर्यंत, 'नावे' लिहिलेल्या डब्यापासून सासूबाईंच्या प्रवासाच्या शालीपर्यंत सगळीकडे साली पोचल्या. छतावर एक पिवळा डाग अजून आहे. पाहुण्यांना आम्ही गळती आहे असं सांगतो. रसायनं न वापरता फरशी स्वच्छ ठेवायच्या त्या प्रयत्नाची घाण काढायला रात्री साडेअकराला दुकानातून आणलेलं दीड बाटली फिनेल लागलं. नवरा एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी प्रवासाच्या यादीत सतरावं कलम वाढलं होतं: 'स्फोटके'.

इतकं असूनही खत मात्र झालं. होतंच ते, सहा-सात महिने दम धरला तर. पण किती? मण मण साली, देठं, चहाचा चोथा, निर्माल्य आणि तुपाची धार धरलेले घास खाऊन ती टोपली शेवटी चार-पाच किलो काळी भुसभुशीत माती हातावर ठेवते, पावसाच्या पहिल्या सरीचा वास असलेली. नवऱ्याने ती गव्हाच्या चाळणीने दोनदा चाळली. आमच्या सात कुंड्यांना दोन किलो पुष्कळ झालं. २०२५ च्या संक्रांतीला मी ठरवलं की वाण म्हणून खतच द्यायचं. कापडी पिशव्या आहेतच, एकेक त्याही बाहेर पडतील.

डबे सासूबाईंनी दिले. श्रीखंडाचे, अर्ध्या किलोचे काही, पाव किलोचे काही, एकूण चौदा, कपाटाच्या तळातून एकेक मोजून. डबे परत यायला हवेत ही अट. त्यांनी डायरीत घरं लिहून घेतली. नवऱ्याने प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली: 'घरगुती. शुद्ध. भेसळ नाही. दि. १४ जानेवारी २०२५.' 'खत' हा शब्द लिहायचा राहिला. वास्तविक हळदीकुंकू लावताना मी प्रत्येकीला तोंडाने सांगत होते. पण बायका चौदा, बोलत सगळ्या, आणि खालच्या वहिनींना यायला जमलं नाही म्हणून त्यांचा डबा नातवाच्या हाती पाठवला. तो नातू आता कॉलेजात आहे. निरोप सांगण्यात तो लहानपणी जास्त चोख होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींच्या सुनेचा फोन आला.

"काकू, कारळ्याची चटणी मिळाली हं. आई म्हणतायत, बाहेर टिकेल की फ्रीजमध्ये ठेवायची?"

मी म्हटलं, "बाहेरच ठेव."

"आणि तिखट कितपत आहे? भाकरीबरोबर काढणार होतो आत्ता."

मी दोन-दोन पायऱ्या उतरून गेले. वेळेत पोचले की नाही हे मी वहिनींना विचारलेलं नाही आणि त्यांनीही सांगितलेलं नाही. ताटात भाकरी होती, ठेचा होता, डबा उघडा होता. आत चमचा होता.

चार दिवसांनी डबा परत आला. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून त्यात कुरडया होत्या, पांढऱ्याशुभ्र, एकही डाग नसलेल्या. नवरा म्हणाला, बघ, माणसं किती मोठ्या मनाची असतात. सासूबाईंनी डायरी काढली, वहिनींच्या नावापुढे खूण करायला पेन टेकवलं आणि थांबल्या. डबा हातात घेऊन त्यांनी झाकण दाबून पाहिलं. एका बाजूने बसलं की दुसऱ्या बाजूने उचलायचं.

"झाकण आपलं नाही," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने झाकण घेतलं, उलटंपालटं केलं आणि ते ओट्यापाशी जाऊन वाकले. पिवळ्या बादलीतून टीट असा आवाज आला.